ओपॅलेसेन्स पीएफ 10 टक्के: रात्री ट्रेमध्ये घालायचं जेल

अल्ट्राडेंट कंपनीचं दात उजळवायचं हे जेल 10, 15, 20 आणि 35 टक्क्यांत मिळतं, आणि विकणारा हमखास वरचा टक्का पुढे करतो. घ्यायचंच तर 10 चं घ्या. हा टक्का कार्बामाइड पेरॉक्साइडचा. त्यातून सुटणारं हायड्रोजन पेरॉक्साइड जेमतेम साडेतीन टक्के, तेही रात्रभर हळूहळू. दात शेवटी जवळपास तेवढेच उजळतात, फक्त दिवस जास्त लागतात. 35 टक्क्यांच्या घाईत पदरी पडते ती सणक.

पेरॉक्साइडचा रेणू इतका लहान की तो एनॅमल (दाताचं वरचं कठीण आवरण) आणि डेंटिन (त्याखालचा थर) ओलांडून काही मिनिटांत दाताच्या नसेपर्यंत पोचतो. मग थंड पाणी सोडाच, तोंडाने श्वास घेतला तरी कळ येते. जेल थांबवलं की ती सहसा काही दिवसांत जाते. यासाठीच यात पोटॅशियम नायट्रेट आणि फ्लोराइड घातलेलं आहे. दात आधीपासून शिवशिवत असतील तर दोन आठवडे पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट वापरून मग सुरुवात करावी, आणि तरी कळ आली तर रात्र आड करावी.

खरी मेख ट्रेमध्ये आहे. दातांचं माप घेऊन बनवलेला, हिरडीच्या कडेने कापलेला ट्रे हवा. एका जबड्याला 1.2 मिलिलिटरच्या सिरिंजचा तिसरा हिस्सा ते निम्मी पुरते. ट्रे बसवल्यावर बाहेर आलेलं जेल लगेच पुसायचं, नाहीतर हिरडी भाजून पांढरी पडते आणि चुरचुरते. गरम पाण्यात मऊ करून चावून बसवायचे तयार ट्रे नेमके इथेच गळतात. हिरडी खाली सरकून मूळ उघडं पडलं असेल तर त्रास दुप्पट: मुळावर एनॅमल नसतं, ते उजळत नाही, फक्त दुखतं. बाजारातल्या तयार किटमध्ये येणारा निळा दिवा शोभेचाच समजा.

आता लांबच्या परिणामांचं. 'एनॅमल विरघळतं' ही भीती या टक्क्याला लागू नाही. पृष्ठभागाचा कडकपणा किंचित उतरतो, तो लाळ भरून काढते. सुमारे दोन आठवडे वापर आणि गरज पडली तर वर्ष-दोन वर्षांनी तीन-चार रात्री, इतपत चालतं. बिघडतं ते दर महिन्याला सिरिंज मागवणाऱ्यांचं. दात एका मर्यादेपलीकडे पांढरा होत नाही. कडा मात्र निळसर, आरपार दिसायला लागतात आणि सणक मुक्काम ठोकते. कोळशाच्या पावडरीचं नुकसान याहून वाईट, कारण घासून गेलेलं एनॅमल परत येत नाही.

कॅप आणि सिमेंटचं फिलिंग उजळत नाही, म्हणून समोरच्या दातात जुनं फिलिंग असेल तर ते पिवळं उठून दिसतं. ते बदलायचं तर जेल संपल्यावर किमान दोन आठवडे थांबा. दातात अडकलेल्या ऑक्सिजनमुळे सिमेंट नीट पकडत नाही. मिश्री-तंबाखूचे डाग वरचे असतात, ते आधी मशीनने काढून घ्या, अनेकदा जेलची गरजच उरत नाही. चंद्रपूर-यवतमाळकडच्या फ्लोराइडच्या पाण्याने पडलेले पांढरे ठिपके सुरुवातीला उलट जास्त डोळ्यांत भरतात. टेट्रासायक्लिन या अँटिबायोटिकने पडलेल्या करड्या पट्ट्यांना कित्येक महिने लागतात.

मार लागून एकच दात काळवंडला असेल तर हे जेल घेऊच नका, आधी एक्स-रे काढा. नस मेलेली निघाली तर तिथे रूट कॅनाल करून दाताच्या आतून उजळावं लागतं. पूर्वी आत 30 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड भरून उष्णता देत. काही वर्षांनी दाताच्या मानेशी, म्हणजे हिरडीच्या कडेजवळ, मूळ विरघळल्याच्या नोंदी झाल्या. आता रूट कॅनालचं भरण वरून सिमेंटने बंद करून, उष्णता न देता सोडियम परबोरेट भरतात. तरीही पुढची काही वर्षं एक्स-रे चुकवू नये, कारण मूळ झिजायला लागलं तरी दुखत नाही.