सोलापूर की इचलकरंजी : यंत्रमागात भांडवल घालण्यापूर्वी

यंत्रमाग व्यवसायात उतरू पाहणाऱ्याने सोलापूर आणि इचलकरंजी यांना एकाच मापाने मोजू नये. दोन्ही गावांचे पोट कापडावर भरते, परंतु सोलापूर तयार वस्तू विकते, तर इचलकरंजी मुख्यतः विणाई विकते, आणि निर्णयाच्या दृष्टीने हाच फरक मोलाचा आहे.

सोलापूर वाढले ते गिरण्यांभोवती. १८७७ साली सुरू झालेली गिरणी पुढे 'जुनी गिरणी' म्हणूनच ओळखली गेली. नंतर नरसिंग गिरजी, लक्ष्मी आणि विष्णू या गिरण्या आल्या आणि कालांतराने या साऱ्यांचे भोंगे थांबले. गिरण्या गेल्या तरी विणकर राहिले. शहराच्या पूर्व भागातील तेलुगू भाषक पद्मशाली समाजाने हातमागावरून यंत्रमागावर येत चादर आणि टॉवेल ही या शहराची ओळख केली. जेकार्डवर, म्हणजे नक्षीप्रमाणे धागे उचलणाऱ्या यंत्रणेवर, विणलेली सोलापुरी चादर उलटून पाहावी: तीच नक्षी मागेही दिसते, फक्त रंगांची अदलाबदल झालेली असते. या चादरीला भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळे नावाची किंमत मिळते. मात्र त्याच नावाने खपणाऱ्या बाहेरच्या स्वस्त मालाशी झुंजावेही लागते. येथील कामगार संघटित आहे. १९३० च्या आंदोलनात ज्या शहराने मार्शल लॉ सोसला, तेथे मजुरीची बोलणी कामगाराला गृहीत धरून होत नाहीत, आणि माझ्या मते ते योग्यच आहे.

इचलकरंजीचा इतिहास गिरणीपेक्षा मागापासून सुरू होतो. जहागीरदार नारायणराव घोरपडे यांच्या प्रोत्साहनाने विठ्ठलराव दातार यांनी १९०४ मध्ये येथे पहिला यंत्रमाग आणला, आणि पुढे घराघरांत मागांचा खडखडाट शिरला. येथे नवख्याला मोठा आधार 'खर्ची' पद्धतीचा: सुताची बिमे, म्हणजे उभे धागे गुंडाळलेले रूळ, व्यापारी देतो, मागधारक विणून देतो आणि मजुरी पिकावर, म्हणजे आडव्या धाग्यांच्या दाटीवर, ठरते. सूत खरेदीत पैसा अडकत नाही, पण नफाही त्या मजुरीपुरताच राहतो, आणि मंदी आली की बिमे येणे थांबते. सायझिंग (उभ्या धाग्यांना खळ देण्याचे कारखाने), सूतबाजार, जॉबर (माग दुरुस्त करणारे), कांडीवाले (आडव्या सुताच्या कांड्या भरणारे) सारे हाकेच्या अंतरावर असल्याने माग बिघडला तरी पाळी सहसा वाया जात नाही. साध्या मागांशेजारी शटललेस, म्हणजे धोट्याविना चालणाऱ्या, मागांचे कारखानेही उभे राहिले आहेत. तेथे भांडवल अर्थातच कितीतरी जास्त लागते.

वाहतुकीत सोलापूर सरस आहे, कारण ते मुंबई-चेन्नई रेल्वेमार्गावर आहे. इचलकरंजीला रेल्वेसाठी हातकणंगले गाठावे लागते. पाण्याची ओढ दोन्हीकडे आहे. कापडावर प्रक्रिया करण्याचा विचार असेल, तर पंचगंगेच्या प्रदूषणामुळे इचलकरंजीत सांडपाण्याचा खर्च आधी मांडावा.

स्वतःची विक्री उभारण्याची तयारी आणि उधारी सोसण्याइतके खेळते भांडवल असेल, तर सोलापूर निवडावे. हाताशी चार-सहा जुने माग घेण्यापुरतीच रक्कम असेल, तर इचलकरंजीत खर्चीने सुरुवात करावी. मात्र जागा ठरवण्याआधी बिमे देणारा व्यापारी ठरवावा.