अमेरिकेतून मागवलेला ख्रिस्ती होमस्कूल सेट, दहा महिने वापरल्यावर (आणि जूनची तयारी)

मुलांना शाळेऐवजी घरीच शिकवते, त्यासाठी गेल्या जुलैत मुलीसाठी तिसरीचा अख्खा पुस्तकांचा सेट मागवला, आणि धाकट्यासाठी नुसता फोनिक्सचा (अक्षरांच्या आवाजांवरून इंग्रजी वाचायला शिकवतात तो) भाग. कंपनीचं नाव घेत नाही, उगाच वाद नको. आम्ही नगरचे (अहिल्यानगर झालं तरी तोंडात नगरच येतं), मुलगी साडेआठ, मुलगा पाच, घरात सासूबाई. मागवायच्या आधी मराठीत कुणाचा अनुभव शोधत होते, एकही सापडला नाही म्हणून आता मीच लिहितेय.

आधी चांगलं सांगते. पहिल्या वर्षी हातपाय गळालेले असतात, तेव्हा 36 आठवड्यांचं रोजचं प्लॅनिंग आयतं हातात येणं म्हणजे फार मोठा आधार. आईने काय बोलायचं ते सुद्धा टीचर गाईडमध्ये लिहिलेलं. फोनिक्स तर एक नंबर, धाकटा दिवाळीपर्यंत छोटे छोटे इंग्रजी शब्द जोडून वाचायला लागला.

गणितही पक्कं आहे, पण पैशांचा धडा आला आणि गाडी अडली. निकेल, डाइम, क्वार्टर ही अमेरिकन नाणी पोरीला काही केल्या कळेना, आणि कळणार कसं, तिने आयुष्यात नाणी बघितली ती दोन-पाच-दहा रुपयांची. शेवटी सासूबाईंनी कपाटातून जुना डबा काढला, आत चाराण्याची नाणी, 2011 ला बंद झाली ती. चार चाराणे म्हणजे रुपया, चार क्वार्टर म्हणजे डॉलर, पाच मिनिटांत काम झालं! इंच-फुटाचं एवढं जड गेलं नाही, घराची मापं आपल्याकडे अजून फुटातच असतात.

इतिहासाने मात्र मन खट्टू झालं. इंग्लंडहून लोक अमेरिकेत वस्तीला घेऊन गेलेलं 1620 सालचं मेफ्लॉवर जहाज तिने दोनदा रंगवलं, आणि घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर जो किल्ला आहे, जिथे 1942 ला नेहरूंना कैदेत ठेवलं होतं, तो कुणाचा हे तिला माहीत नाही. आणि मिशनरींच्या गोष्टी भरपूर, पण याच नगरात मुलींची शाळा चालवलेल्या अमेरिकन मिशनरी फरारबाई त्यात कुठून येणार. त्यावरून आमच्या मावशी म्हणाल्याच, आपल्या मिशनच्या लोकांनी शाळा काढल्या आणि तू पोरं शाळेतून काढतेस! उत्तर सुचलं नाही, चहा ठेवला.

आता बायबल, ज्याच्यासाठी खरं तर एवढे पैसे घातले. पाठांतराची वचनं सगळी जुन्या इंग्रजीत, दाय आणि दाऊवाली. पोरीने 23 वं स्तोत्र घडाघड म्हणून दाखवलं, मी खूश, आणि मग विचारते, मम्मी, शेफर्ड म्हणजे तो जर्मन शेफर्ड कुत्रा का? त्याच रात्री सासूबाईंनी कौटुंबिक प्रार्थनेत तेच स्तोत्र मराठीत घेतलं. मेंढपाळ म्हटल्यावर ती म्हणाली, म्हणजे रस्त्यात गाडी अडवतात ते धनगरकाका? बस, तिथून पुढचं सगळं तिचं तिला लागलं. तेव्हापासून सकाळचं बायबल आजीकडे, मी ढवळाढवळ करत नाही.

अजून एक, हे आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं: वर्कबुकं त्यातच लिहून संपतात आणि झेरॉक्सला परवानगी नाही, म्हणजे धाकट्याला तिसरीला हाच सेट परत विकत. फेब्रुवारीपासून मी तिला वहीत उत्तरं लिहायला लावली, अर्धी पुस्तकं तरी कोरी राहिली. कुरियर आणि कस्टमचा खर्च वेगळा धरा.

तर या जूनला पूर्ण सेट नाही. गणित आणि इंग्रजी वाचन तिथलंच. मराठी आणि परिसर अभ्यास बालभारतीचा, चौथीचं शिवाजी महाराजांचं पुस्तक साईटवरून फुकट उतरवलंय, आणि दर शुक्रवारी गावातच कुठेतरी बाहेर, पहिला नंबर किल्ल्याचा. परीक्षेचं सगळे विचारतात म्हणून सांगते, एनआयओएसची (राष्ट्रीय मुक्त शाळा) ओबीई, म्हणजे लहान वर्गांसाठीचं मुक्त शिक्षण, आहे, ए लेव्हल तिसरीच्या बरोबरीची, आणि 14 पूर्ण झाल्यावर तिथूनच दहावी देता येते. वेळापत्रक 180 दिवसांचं ठेवलंय पण नाताळ आणि मे महिना आपल्या हिशोबाने.

पहिलंच वर्ष असेल आणि घरात मदतीला कुणी नसेल तर सेट घ्या, फक्त इतिहास वगळून मिळतो का ते विचारून बघा. घरात आजी-आजोबा असतील तर निम्मा पुरतो. आमच्या आजी आता चाराण्यांचा डबा परत मागतायत, पण धाकट्याचा क्वार्टरचा धडा होईपर्यंत तो काही मिळत नाही त्यांना.