व्हीलचेअर-प्रशिक्षण: ऑनलाइन की कार्यशाळेत?

लोकांना व्हीलचेअर बसवून देणाऱ्यांनी हे काम कुठे शिकावं? खर्चात ऑनलाइन सरळ जिंकतं: प्रवास नाही, रजा नाही. मोजमापं कशी घ्यायची, जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेल्या व्हीलचेअर-सेवेच्या पायऱ्या कोणत्या, हे पडद्यावर नीट समजतं. दाबाची तपासणी मात्र समजत नाही. माणूस खुर्चीच्या गादीवर बसलेला असताना बैठकीच्या हाडाखाली बोटं सरकवायची. टोकं 5 मिमी वर-खाली हलली तर ठीक; हलत नाहीत पण सहज निघतात, तर सावध व्हा; घट्ट चिमटली तर गादी बदला. हा फरक बोटांनाच कळतो, आणि चुकला की दाबजखमेचा, म्हणजे सतत दाब पडून होणाऱ्या जखमेचा, धोका. कार्यशाळा महाग खरी, पण तिथे प्रशिक्षक चूक जागीच पकडतो. रोज खुर्च्या बसवून देणाऱ्यांनी तीच करावी. नुसती उजळणी हवी असेल, किंवा काम रुग्ण पुढे पाठवण्यापुरतंच असेल, तर ऑनलाइन पुरे.