अठरा दिवस चालवून मिळालेलं ‘नाही’ : प्राइम९५

निकाल आधीच सांगतो. अठरा दिवस कॉम्प्युटर चालला आणि शेवटी एक ओळ उमटली: ही संख्या मूळ नाही. सोबत सोळा चिन्हांचं एक शेपूट, म्हणजे शेवटी उरलेल्या बाकीचा तुकडा. बस्स.

प्राइम९५ हा जॉर्ज वोल्टमन यांचा फुकट प्रोग्रॅम. १९९६ पासून चाललेल्या ‘गिम्प्स’ या शोधमोहिमेसाठी तो वापरतात. २ च्या एखाद्या घातातून १ वजा केला की येणारी मर्सेन संख्या मूळ आहे का, हे तो तपासतो. घातांक मूळ असावाच लागतो, पण तेवढ्याने भागत नाही. ११ वा घात घेतला तर २०४७ येते आणि ती निघते २३ × ८९.

मला मोह पडला तो कसोटीचा. ४ पासून सुरुवात करायची, वर्ग करून २ वजा करायचे आणि मर्सेन संख्येने भागून बाकी तेवढी ठेवायची. घातांकापेक्षा दोन कमी वेळा हे केल्यावर बाकी शून्य आली तर संख्या मूळ. ३१ साठी (२ चा ५ वा घात वजा १, म्हणजे तीन फेऱ्या) कागदावर करून बघा: ४, १४, मग १९४. इथे भागाकार करायचीही गरज नाही. १९४ म्हणजे ६ × ३२ + २, आणि ३२ ला ३१ ने भागलं की १ उरतो, म्हणून बाकी ६ + २ = ८. नऊने भाग जातो का बघायला आपण अंकांची बेरीज करतो ना, त्याच जातीची ही युक्ती. पुढे ८ चा वर्ग ६४, वजा २ म्हणजे ६२, बाकी शून्य. ३१ मूळ! ही लुकास-लेहमर कसोटी. प्रोग्रॅम आता पहिल्या फेरीला फर्माच्या प्रमेयावरची कसोटी लावतो, पण वर्ग करा, बाकी ठेवा हा रगाडा तोच.

माझ्या वाट्याचा घातांक तेरा कोटींच्या आसपासचा होता, म्हणजे जवळपास चार कोटी अंकी संख्येचे तेरा कोटी वेळा वर्ग. एका वर्गाला साधारण १२ मिलिसेकंद लागत होते. पंख्याची घरघर वेगळीच.

मुलीने विचारलं, “बाबा, मग तिला भाग कशाने जातो?” तीच तर गंमत आहे. कसोटी अवयव सांगतच नाही. २ चा ६७ वा घात वजा १ ही संख्या मूळ नाही हे लुकासने १८७६ मध्ये दाखवलं होतं, पण तिचे अवयव १९०३ मध्ये फ्रँक कोलने मांडले: १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७. मधली सत्तावीस वर्षं नुसतं ‘नाही’ एवढंच हातात होतं.

मोठ्या शोधाच्या आशेने घेणार असाल तर जरा थांबा. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली ४,१०,२४,३२० अंकी मूळ संख्या ल्यूक ड्युरंट यांना सापडली ती ढीगभर ग्राफिक्स कार्डं जुंपून. माझ्यासारख्याने ‘नाही’वर खूश राहायची तयारी ठेवावी. मी राहिलो.

आणि आधी प्राइम९५ मधली ‘टॉर्चर टेस्ट’, म्हणजे कॉम्प्युटरला ताण देऊन त्याच्या चुका पकडणारी चाचणी, रात्रभर चालवा. माझ्या जुन्या कॉम्प्युटरमधली रॅमची एक सदोष पट्टी तिथेच उघडी पडली. इतर कामांत तिने वर्षभर काही कळू दिलं नव्हतं.