द फीनिक्स गार्ड्स: ड्यूमाचे मस्केटिअर्स आवडले असतील तर डोळे झाकून घ्या

फॅन्टसी म्हटलं की सगळे टोल्किनपासून सुरुवात करतात, एल्फ, अंगठी, नकाशा वगैरे. पण या खानदानाची दुसरी एक शाखा आहे आणि ती थेट थ्री मस्केटिअर्स लिहिणाऱ्या फ्रेंच कादंबरीकार अलेक्झांडर ड्यूमाच्या घरातून निघते. खात्री करून घ्यायची असेल तर स्टीव्हन ब्रस्टचं द फीनिक्स गार्ड्स वाचा. १९९१ चं पुस्तक आहे आणि कुठून उचललंय ते अजिबात लपवत नाही, उलट मिरवतं.

कथा म्हणाल तर खाव्हरेन नावाचा खेड्यातला गरीब सरदारपुत्र, हातात तलवार आणि डोक्यात हवा, राजधानीत बादशहाच्या गार्डात भरती व्हायला निघतो, वाटेत तीन दोस्त मिळतात. झालं, थ्री मस्केटिअर्सचा हिरो दार्तान्याँ आलाच की! गंभीर, खानदानी एरिक म्हणजे दार्तान्याँच्या तीन दोस्तांपैकी अॅथॉस, आतल्या गाठीचा पेल म्हणजे अॅरामिस, आणि पोर्थॉसच्या जागी टाझेंड्रा, जी बाई आहे आणि मारामारी दिसली की सगळ्यात आधी खूश होते. मग खून करून फरार झालेली एक चित्रकार, दरबारातली कारस्थानं, घोडदौड. प्लॉट ठीकठाक आहे, त्यासाठी कुणी हे पुस्तक घेऊ नये.

घ्यायचं ते बोलण्यासाठी. ड्यूमाची नक्कल करणारे बहुतेक लेखक तलवारी, टोप्या, द्वंद्वयुद्ध एवढंच उचलतात आणि तिथेच फसतात, कारण थ्री मस्केटिअर्सची खरी जान संवादात आहे. ती कादंबरी १८४४ मध्ये पॅरिसच्या ल सिएक्ल या पेपरात क्रमशः आली, ड्यूमाला पैसे ओळीवर मिळायचे, त्यामुळे पात्रं एकमेकांचे शब्द झेलत, परत विचारत, खुशाल वेळ काढतात. ब्रस्टनं नेमकं हेच धरलंय. एकानं विचारायचं सांगू का, दुसऱ्यानं म्हणायचं सांग की, पहिल्यानं परत विचारायचं म्हणजे तुला ऐकायचंय ना, आणि दुसरा वैतागून म्हणणार अरे तासभर मी दुसरं काय मागतोय! पहिल्या वेळी हसू येतं, पाचव्या वेळी चिडचिड होते आणि विसाव्या वेळी आपण त्याचीच वाट बघत बसतो.

आणि हे सगळं सांगणारा निवेदक म्हणजे पारफी, हा त्याच जगातला एक इतिहासकार. भयंकर पाल्हाळिक आणि स्वतःवर बेहद्द खूश. आपण किती थोडक्यात लिहितो हे तो परिच्छेदभर सांगतो राव. एका प्रकरणाच्या लांबलचक नावातच त्यानं कबूल केलंय की कॉर्नस्टार्च घातलेल्या सुपासारखं आता कथानक एकदाचं दाट व्हायला लागलंय. बरं तोपर्यंत पुस्तक बरंच पुढे गेलेलं असतं!

फॅन्टसीचा फायदा कुठे झाला ते पण सांगतो. इथली माणसं हजारो वर्षं जगतात, शंभरीचा माणूस म्हणजे पोरगेला. त्यामुळे ड्यूमाचा पुढचा भाग ट्वेंटी इयर्स आफ्टर, तर ब्रस्टच्या १९९४ च्या पुढच्या भागाचं नाव फाइव्ह हंड्रेड इयर्स आफ्टर. विनोद आहेच, पण जुनी दोस्ती, जुने हिशोब हे सगळं पाचशे वर्षांच्या मापानं मोठं होतं. नोकरांचं पण तसंच, ड्यूमाकडे मालकाच्या खुणेवर चालणारा अबोल ग्रिमो, तर इथे टाझेंड्राचा मिका, जो मारामारीत चक्क बारमधलं स्टूल घेऊन उतरतो. माझं सगळ्यात आवडतं पात्र.

आता तक्रारी. जादू नावालाच आहे, जादूसाठी फॅन्टसी वाचणाऱ्यांचा हिरमोड होईल. खलनायक कच्चे आहेत, इलिस्टा कारस्थानी वगैरे ठीक, पण ड्यूमाची खलनायिका मिलेडी ती मिलेडी, तिची भीती वाटते तशी इथे कुणाचीच वाटत नाही. ड्यूमाकडे हसता हसता दार्तान्याँच्या प्रेयसीला, कॉन्स्टन्सला, विष दिलं जातं आणि आपण गप्प होतो, ब्रस्टच्या या पहिल्या भागात तसा धक्काच नाही, फार गोड आहे. सुरुवातीची पानं पण जड जातात, घराण्यांची नावं, पदव्या, कोण कुठला काही कळत नाही. तिथे लक्षात ठेवायचा प्रयत्न करूच नका, पुढे आपोआप बसतं.

ब्रस्टची व्लाड टाल्टॉसची मालिका याच जगातली आहे पण ती वाचलेली नसली तरी काही अडत नाही. ड्यूमा मात्र आधी वाचाच, नाहीतर निम्मी गंमत जाईल. फुकट मिळणारी बरीच इंग्रजी भाषांतरं व्हिक्टोरियन काळातली आहेत, मिलेडीच्या खोलीतले प्रसंग त्यात सोवळे करून टाकलेत, तेव्हा जमलं तर रिचर्ड पेव्हिअरचं २००६ चं बघा.

माझ्याकडून ५ पैकी ४. दुसरा भाग पहिल्यापेक्षा सरस आहे, तो घ्याच, वर म्हटलेला धक्का तिथे मिळतो. आणि २०२० चं द बॅरन ऑफ मॅजिस्टर व्हॅली हे ड्यूमाच्याच काउंट ऑफ माँटे क्रिस्टोवर बेतलेलं आहे, ते सुटं वाचलं तरी चालतं, पारफी तिथेही तेवढाच बडबड्या.