गूगल अलर्ट्स : फुकट आहे, पण मराठी विभक्तीला अडखळतं

लहान संस्थेच्या जनसंपर्क विभागाला बातम्यांवर नजर ठेवण्यासाठी वेगळं बजेट क्वचितच मिळतं. मग गूगल अलर्ट्स, म्हणजे ठरवलेले शब्द इंटरनेटवर नव्याने दिसले की मेल पाठवणारी गूगलची सेवा, लावली जाते आणि आठवड्याभरात ‘यात काही येतच नाही’ अशी ओरड सुरू होते. दोष बहुतेक वेळा शोधशब्दांचा असतो.

एसटी महामंडळाचंच घ्या. “एसटी महामंडळ” असं अवतरणचिन्हांत टाकलं, की नेमकं तेवढंच शोधलं जातं. बातमीत मात्र ‘महामंडळाने’, ‘महामंडळाच्या’, ‘महामंडळाकडून’ असंच जास्त असतं. म्हणून ही सगळी रूपं स्वतंत्र अवतरणांत लिहून मध्ये रोमन कॅपिटल अक्षरांत ‘ओआर’ (OR, म्हणजे ‘किंवा’) टाकायचं. ‘लालपरी’ला वेगळा अलर्ट हवा, ‘MSRTC’ या रोमन लघुरूपाला वेगळा. नुसतं ‘एसटी’ ठेवलं तर अनुसूचित जमातींच्या आरक्षणाच्या बातम्यांचा लोंढा येतो. तो अडवायला उणे चिन्ह लावून ‘आरक्षण’ वगळलं, तर गणपतीला कोकणात जाणाऱ्या गाड्यांच्या आरक्षणाच्या बातम्याही गेल्या! त्यापेक्षा ‘प्रवर्ग’ वगळा, अर्थात ‘प्रवर्गात’, ‘प्रवर्गातून’ यांच्यासह. उणे चिन्ह शब्दाला चिकटून हवं. मध्ये जागा सुटली की ते निकामी.

मूळ सेटिंग्ज तशीच ठेवू नका. ‘ओन्ली द बेस्ट रिझल्ट्स’मध्ये तालुक्याच्या छोट्या पोर्टलची बातमी गळू शकते आणि वाद बऱ्याचदा तिथूनच पेटतो. तिथे ‘ऑल रिझल्ट्स’ निवडा. वारंवारता ‘अ‍ॅज इट हॅपन्स’ करा. तरी मेल बातमीबरोबरच येईल असं समजू नका. अलर्ट पाच-सहाच्या वर गेले की ईमेलऐवजी आरएसएस फीड (नव्या बातम्यांची आपोआप भरत जाणारी यादी) घ्या, म्हणजे अख्खी टीम एकाच जागी वाचेल.

जे दिसत नाही तेही मोठं आहे. फक्त छापील जिल्हा पुरवणीत आलेली किंवा ई-पेपरच्या पानावर चित्ररूपात अडकलेली बातमी, वाहिनीवरची चर्चा, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारं कात्रण, यातलं काहीही इथे सापडणार नाही. सकाळी अंक चाळून कात्रणं काढणारा माणूस अजून लागतोच. जाहिरातदराने बातमीची ‘किंमत’ काढणारा तक्ताही इथे नाही, ते बरंच आहे. जनसंपर्काचं मोजमाप कसं करावं हे सांगणाऱ्या २०१० च्या आंतरराष्ट्रीय बार्सिलोना तत्त्वांनी ती पद्धत मोडीत काढली, तरी मासिक अहवालात चौरस सेंटिमीटर गुणिले दर हा हिशेब अजून मागितला जातो.

एक फायदा मात्र सहसा कुणी सांगत नाही. खुलासा पाठवल्यावर पोर्टल गुपचूप मथळा बदलतं. अलर्टच्या मेलमध्ये जुना मथळा वेळेसह राहतो. तो मेल पुसू नका, आणि लिंक उघडताच पानाची पीडीएफ काढून ठेवा. संपादकांशी बोलताना दोन्ही समोर लागतात.