आठ महिने वापरल्यावर: हाताने घडवलेले मातीचे दोन मग आणि एक बाऊल

घेतल्या घेतल्या लिहिलं असतं तर बाऊलला पाचपैकी पाच दिले असते आणि तपकिरी मगला कसेबसे तीन, आता बरोब्बर उलटं झालंय.

बाऊल दिसायला देखणाच आहे, फिकट निळं, बिनचकाकीचं म्हणजे मॅट ग्लेझ (भट्टीत मातीवर वितळून बसणारा काचेसारखा थर) आणि आतून ब्रशने मारलेले आयर्न ऑक्साइडचे पाच-सहा फटकारे. पण चमचा फिरला की राखाडी रेघा! मला वाटलं चरे पडले, तर तो चमच्याचाच धातू निघाला, खरखरीत मॅटवर घासून बसलेला. ओला खायचा सोडा चोळला की जातो, पण सारखं कोण चोळत बसणार? त्यात भिंती सरळ उभ्या आणि तळाला काटकोन, म्हणजे कोपऱ्यात चमचा पोचतच नाही.

तपकिरी मगवर नक्षी अशी काढलेलीच नाहीये. चाकावर बोटांनी उमटलेल्या वळ्या तशाच ठेवल्यात आणि वरून तेनमोकू, म्हणजे भरपूर लोह असलेलं ग्लेझ, चीनमधल्या सोंग काळातल्या ज्यान नावाच्या चहाच्या पेल्यांच्या घराण्यातलं. ते भट्टीत वितळलं की उंचवट्यावरून सरकून खाचेत साठतं, त्यामुळे प्रत्येक वळीचा माथा गंजासारखा तांबूस आणि खाच काळीभोर. काठालाही तीच तांबूस कड. आठ महिने रोज सकाळी बघतेय, अजून कंटाळा नाही आला.

खाली बोटभर कोरी माती सोडलीय आणि त्याच्या जरा वर एक जाड थेंब गोठलाय. आधी वाटलं काम अर्धवट सोडलं, पण स्टोनवेअर, म्हणजे ही दगडासारखी कडक मातीची भांडी, 1200 अंशांच्या वर भाजतात, ग्लेझ तेवढं ओघळून बुडापर्यंत आलं असतं तर अख्खा मग भट्टीतल्या फळीलाच चिकटला असता. फक्त ते बूड टेबलाला ओरखडे पाडत होतं, ओला पॉलिश पेपर फिरवला आणि विषय संपला.

दुसरा मग फिकट हिरवा, बारीक जाळी पडलेला. थंड होताना ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसतं आणि तडकतं, त्यालाच सजावट म्हणून खपवलं होतं. चहा मुरून जाळी आता तपकिरी झालीय, मला आवडते, घरात कुणालाच नाही. कान मात्र दोन बोटांचा, तिसरं बोट गरम पोटाला टेकून भाजतं म्हणजे भाजतंच, त्यामुळे सध्या त्यात पेनं आहेत.

पुढचा बाऊल घ्यायला जाईन तेव्हा पर्समध्ये घरचा चमचा असेल.